खाकीवरचे नाव

पोलादपूरच्या नाक्यावर उभे राहिले की वाटा कशा फुटतात ते चांगले कळते. दक्षिणेची वाट कशेडीचा डोंगर ओलांडून खेडला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात उतरते. पूर्वेची आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला, म्हणजे सातारा जिल्ह्यात जाते. उलट महाडकडे वळून वरंध घाट धरला तर माणूस भोरला, पुणे जिल्ह्यात पोहोचतो. एका डोंगराळ टापूला तीन बाजूंनी तीन परके जिल्हे, आणि आपल्या रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण अलिबाग मात्र इथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर!

या चारही जिल्ह्यांचा पोलीस दिसायला एकच. तीच खाकी, तोच कमरपट्टा, तीच टोपी. त्यात महामार्ग पोलिसांची शाखा वेगळी, आणि गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागली की बंदोबस्ताला बाहेरून आलेली माणसे आणखी वेगळी. शेजारी होमगार्ड उभा असतो, तोही खाकीतच. घाटात रात्री अकरा वाजता विजेरी हलवून गाडी थांबवणारा हात कोणत्या ठाण्याचा, हे नुसत्या कपड्यांवरून ओळखणे वाहनचालकाला कठीण. ओळखायची सोय केलेली आहे ती शर्टाच्या उजव्या खिशावर लावलेल्या बोटभर पट्टीत. त्या पट्टीवर माणसाचे नाव असते.

दिवाळी अंकांतून किल्ल्यांवर, फराळावर, झालेच तर जुन्या नाटकांवर पुष्कळ लिहिले जाते. या बोटभर पट्टीवर कोणी लिहीत नाही. वस्तुतः तिच्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा एक मोठा निर्णय आहे, संसदेने केलेला कायदा आहे, आणि आपल्यासारख्या साध्या माणसांच्या जिव्हाळ्याचा एक प्रश्न आहे. म्हणून आज तिच्याविषयी चार शब्द.

नाव विचारायची चोरी

आपल्याकडे मोठ्या माणसाचे नाव सहसा तोंडी घेत नाहीत. बायको नवऱ्याचे नाव उखाण्यात लपवून घेते. सासऱ्याचे नाव सून घेत नाही. गुरुजींचे नाव शाळेतली मुले दाखल्यावर वाचतात, एरवी ते ‘गुरुजी’च. मग पोलिसांची गोष्ट काय सांगावी! ते फौजदारसाहेब, जमादार, हवालदार. हुद्दा हेच नाव. दारात आलेल्या हवालदाराला ‘आपले नाव काय?’ असे विचारणे म्हणजे खेडेगावात जवळजवळ उद्धटपणाच.

सरकारी नोकराची ओळख त्याच्या अंगावरच्या चिन्हाने करायची ही रीतही जुनी आहे. ‘चपरास’ म्हणजे पट्ट्यावरचा पितळी बिल्ला. तो लावणारा तो चपराशी. पट्टा बांधणारा तो पट्टेवाला. बिल्ला आणि पट्टा यांनी माणसाला नाव दिले आणि त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव मागे पडले. पोलीस शिपायाच्या वाट्याला आला तो बक्कल नंबर. आजही पंचनाम्यात आणि स्टेशन डायरीत शिपायाच्या नावापुढे त्याचा बक्कल नंबर लिहिला जातो.

हा नंबर खात्याच्या हिशेबाला उत्तम, पण नागरिकाला अपुरा. कारण तो त्या त्या जिल्ह्यापुरता असतो. शिपायाची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली की त्याचा नंबरही बदलतो. रायगडचा एखादा नंबर आणि रत्नागिरीचा तोच नंबर या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. कशेडीच्या माथ्यावर, जिथे दोन्ही जिल्ह्यांची हद्द भिडते, तिथे ‘अमक्या नंबरच्या शिपायाने मला अडवले’ एवढ्या सांगण्याने पुरते कळत नाही. जिल्हा कोणता, ठाणे कोणते, आणि माणूस कोण, हे तिन्ही हवे.

आता वाडीवरच्या एखाद्या शेतमजुराची कल्पना करा. संध्याकाळी दोन माणसे येतात, त्याच्या मुलाला ‘जरा ठाण्यावर चल’ म्हणतात आणि गाडीत बसवून घेऊन जातात. महाडला शहराचे ठाणे वेगळे, तालुक्याचे वेगळे, औद्योगिक वसाहतीचे वेगळे. पोलादपूरला आणखी एक. गाडी कुठे गेली? कोणाला विचारायचे? ‘साहेब, आपले नाव काय?’ हे चार शब्द त्या क्षणी बापाच्या तोंडून फुटत नाहीत. सुशिक्षित वकील ते सहज विचारील. शहरातला व्यापारी फोन लावील. ज्याला ते विचारण्याची खरी गरज, त्यालाच ते विचारण्याची हिंमत नसते. नावाच्या पट्टीचे सारे मर्म इथे आहे. विचारण्याची हिंमत नसलेल्या माणसाला न विचारता उत्तर मिळावे, यासाठी ती पट्टी आहे.

एका पत्रातून आलेला नियम

हा नियम वरिष्ठांच्या टापटिपीच्या हौसेतून आलेला नाही. पश्चिम बंगालमधील कायदेविषयक साहाय्य करणाऱ्या एका संस्थेचे कार्याध्यक्ष दिलीपकुमार बसू यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी भारताच्या सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. पोलीस कोठडीत माणसे मरत असल्याच्या वर्तमानपत्रांतील बातम्यांकडे त्यांनी लक्ष वेधले होते. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले. दहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती ए. एस. आनंद यांनी निर्णय दिला आणि अटकेच्या वेळी पाळायचे ११ दंडक घालून दिले.

त्यांतला पहिलाच दंडक नावाचा आहे. अटक करणाऱ्या आणि चौकशी करणाऱ्या पोलिसांनी आपली ओळख व हुद्द्यासह नाव अचूक, स्पष्ट आणि दिसेल असे धारण करावे. आणि चौकशी करणाऱ्या सर्वांचा तपशील नोंदवहीत नोंदवावा. न्यायालयाने पहिल्या जागी हेच का घातले असेल? पुढचे सगळे दंडक त्यावर उभे आहेत म्हणून. नातेवाइकाला कळवा, वैद्यकीय तपासणी करा, वकिलाला भेटू द्या, हे सारे पाळले गेले नाही तर जाब विचारायचा कोणाला? नावच नसेल तर जबाबदारी वाऱ्यावर जाते. हे दंडक न पाळणाऱ्यावर खात्याची कारवाई होईल, शिवाय न्यायालयाच्या अवमानाबद्दलही तो पात्र ठरेल, असे त्याच निर्णयात बजावले आहे.

पुढे संसदेने हा दंडक कायद्यात घातला. फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘४१ ब’ हे कलम आले आणि ते १ नोव्हेंबर २०१० पासून अमलात आले. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात हाच मजकूर कलम ३६ मध्ये आहे. या कलमाप्रमाणे अटक करणाऱ्या प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याने सहज ओळख पटेल असे आपले नाव अचूक व ठळक धारण केले पाहिजे. अटकेचे टिपण तयार केले पाहिजे. त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातील एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष पाहिजे, आणि अटक झालेल्याची सही पाहिजे. घरच्याची साक्ष नसेल, तर कोणाला कळवावे हे सांगण्याचा त्याला हक्क आहे, हेही त्याला सांगितले पाहिजे.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कलमात ‘गणवेश’ हा शब्दच नाही. त्यात शब्द आहेत ते ‘अटक करणारा प्रत्येक पोलीस अधिकारी’ असे. म्हणजे साध्या वेशात येऊन अटक करणाऱ्यालाही नाव लपवण्याची मुभा नाही. किंबहुना त्याच्या बाबतीत नावाची गरज दुप्पट, कारण तिथे खाकीचाही पुरावा नसतो.

पुढचे ३७ वे कलम नावाचा धागा ठाण्याच्या भिंतीपर्यंत नेते. प्रत्येक ठाण्यात साहाय्यक फौजदार किंवा त्यावरील दर्जाच्या एका अधिकाऱ्याने अटक झालेल्यांची माहिती ठेवायची आणि ती ठाण्यात व जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी ठळकपणे लावायची. पोलादपूरच्या डोंगरातल्या बापाला अलिबागला खेटे घालावे लागू नयेत, ही त्यामागची सोय.

महाडने शिकवलेला धडा

नावावाचून न्याय नाही, हे महाडला नव्याने सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नगरपालिकेने ते तळे कागदोपत्री आधीच सर्वांना खुले केले होते. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी आवई उठली आणि परिषदेला आलेल्या निःशस्त्र माणसांवर काठ्या पडल्या. हल्ला जमावाने केला. परंतु जमावावर खटला चालत नाही. तो चालतो माणसांवर. हल्लेखोरांपैकी काही जणांची ओळख पटली, त्यांच्यावर खटला झाला आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात पाच जणांना सश्रम कारावासाची शिक्षा झाली. काठी उगारणाऱ्या हाताला नाव मिळाले, म्हणून ते घडू शकले.

आता गणवेशाचा विचार करा. गणवेशाचा हेतूच असा की शंभर माणसे एकसारखी दिसावीत. संकटात हा एकसारखेपणा धीर देतो. दुरून खाकी दिसली की भेदरलेल्या माणसाला आधार वाटतो. पण त्याच शंभरांतल्या एकाने आगळीक केली तर हाच एकसारखेपणा त्याला लपवतो आणि उरलेल्या नव्याण्णवांच्या माथी ठपका येतो. नावाची पट्टी नागरिकाचे रक्षण करते हे खरे. तेवढेच खरे हे की ती त्या नव्याण्णवांचेही रक्षण करते.

परदेशांनाही हा धडा शिकावा लागला. १ एप्रिल २००९ रोजी लंडनमध्ये निदर्शनांच्या गर्दीतून घरी चाललेल्या इयान टॉमलिन्सन नावाच्या वृत्तपत्रविक्रेत्याला एका पोलिसाने काठी मारून ढकलले आणि थोड्याच वेळात तो मरण पावला. त्या पोलिसाच्या खांद्यावरचा क्रमांक दिसत नव्हता, चेहराही झाकलेला होता. घडले काय ते उजेडात आले एका पाहुण्याने टिपलेल्या चित्रफितीमुळे. इंग्लंडातले पोलीस शतकाहून अधिक काळ अंगावर क्रमांक लावत आले होते. नियम होता, क्रमांक होता, फक्त तो झाकलेला होता!

पाऊस पट्टी झाकतो

झाकण्याची गोष्ट निघाली म्हणून आपल्याकडचा एक साधा प्रश्न. महाड-पोलादपूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला तो सांगायला नको. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत घाटातला पोलीस रेनकोटात असतो. नावाची पट्टी शर्टावर आणि शर्ट रेनकोटाच्या आत. म्हणजे वर्षातले चार महिने, तेही दरडी कोसळण्याचे आणि गणपतीच्या गर्दीचे, नाव झाकलेलेच. यात कोणाचा लबाडीचा हेतू नाही. बिचाऱ्याला भिजायचे नाही एवढेच. परंतु अटक पावसातही होते, आणि ‘दिसेल असे’ हा शब्द कायद्याने ऋतू पाहून लिहिलेला नाही. दंगलीच्या वेळी घालायच्या जाड अंगरख्याचीही हीच कथा.

उपाय काही फार खर्चाचा नाही. रेनकोटाच्या छातीवर चिकटवता-काढता येईल अशी कापडी पट्टी आणि अंधारात विजेरीच्या उजेडात चमकतील अशी अक्षरे, एवढ्याने काम भागेल. जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रांताने २०१३ पासून पोलिसांना नावाची पट्टी सक्तीची केली आणि तुकडीने बंदोबस्ताला जाणाऱ्यांना नावाऐवजी मागाहून ओळख पटेल असे सांकेतिक चिन्ह दिले. तिथल्या काही पोलिसांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. आमच्या खाजगी आयुष्यावर हे आक्रमण आहे, असे त्यांचे म्हणणे. २६ सप्टेंबर २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने पट्टीचा नियम योग्य ठरवला.

त्या पोलिसांची भीती अगदीच उडवून लावण्यासारखी नाही. नाव कळले की घर कळते, मुले कळतात. आपल्याकडे तर तालुक्याच्या गावी पोलीस आणि गुंड एकाच बाजारात भाजी घेतात. म्हणून पट्टीवर नाव, हुद्दा आणि नंबर असावा, घरचा पत्ता नव्हे. एवढी मर्यादा पाळली की दोन्ही बाजूंचे समाधान होते.

आडनावाचे काय?

नावाच्या या कथेला महाराष्ट्रात नुकतेच एक नवे वळण मिळाले आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि जिल्ह्यातील वातावरण जातीच्या संशयाने गढूळ झाले. पोलिसांच्या छातीवरचे आडनाव वाचून ‘हा आपला की त्यांचा?’ असा तर्क लोक करू लागले. तेव्हा २०२५ च्या आरंभी बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारावी असे सांगितले, आणि पुढे आडनाव वगळून नुसत्या नावाच्या पट्ट्या दिल्या.

आता हे कायद्यात बसते का? कलम ‘नाव’ मागते, आडनाव मागत नाही. पण ‘सहज ओळख पटेल’ असे नाव मागते. एका ठाण्यात तीन संतोष असले तर नुसत्या संतोषने ओळख कशी पटणार? मात्र ‘संतोष’ आणि शेजारी बक्कल नंबर व जिल्हा असेल, तर ओळख पूर्ण पटते आणि जात मात्र कळत नाही. मघाशी आपण ज्या नंबराला अपुरा म्हटले, तोच नंबर इथे नावाच्या मदतीला येतो.

आमच्या बाजूला आडनावावरून जात ओळखणे तसे फसवेच. मोरे, जाधव, पवार, कदम ही आडनावे कितीतरी जातींत सापडतात, आणि ‘कर’ लागलेले आडनाव बहुधा गाव सांगते. तरीही माणसाचा डोळा शोधत राहतो. ज्या गावी पाण्याच्या ओंजळीवरून जातीचा एवढा मोठा झगडा झाला, त्या गावाने बीडच्या या प्रयोगाकडे आस्थेने पाहावे. पोलिसाची ओळख पटावी ती जबाब देण्यासाठी. सोयरीक जुळवण्यासाठी नव्हे.

तोतयाची पट्टी

एक शंका वाचक काढतील: पट्टी काय, बाजारातही करून मिळते! खोटी पट्टी लावून कोणी आला तर?

शंका रास्त आहे. मराठी माणसाला तोतयाचे वावडे नाही. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव सांगणाऱ्या तोतयाने १७७६ साली याच कोकणात फौज जमवून पेशवाईला घोर लावला होता. आजचे तोतये फौजेऐवजी गणवेश वापरतात. ‘पुढे चोरी झाली आहे, आजी, दागिने पिशवीत काढून ठेवा,’ असे सांगून वृद्ध बायकांना लुबाडणारे साध्या वेशातले ‘पोलीस’ आपण वर्तमानपत्रांत वाचतो. अलीकडे तर मोबाइलच्या पडद्यावर खाकी घालून, छातीवर नावाची पट्टी लावून ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे धमकावणारे निघाले आहेत. वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे: पडद्यावरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. अशा फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. लोकसेवक असल्याची बतावणी करून काही कृत्य करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ प्रमाणे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणून पट्टी नुसती वाचून भागत नाही. ती पडताळून पाहता आली पाहिजे. ‘अमक्या ठाण्यात या नावाचे कोणी आहेत का?’ हे ठाण्यात किंवा ११२ क्रमांकावर विचारता येते. गावात पोलीस पाटील असतो. १९६७ च्या कायद्याने त्याच्यावर गावाच्या बंदोबस्ताची जबाबदारी आहे. अटकेच्या वेळी त्याला हाक मारून टिपणावर नाव नीट लिहिले आहे का, हे पाहायला सांगावे. छातीवरचे नाव, टिपणावरचे नाव आणि ठाण्याच्या नोंदवहीतले नाव ही तिन्ही जुळली की तोतयाला जागा उरत नाही.

आभारालाही नाव लागते

हे सारे वाचून पट्टी म्हणजे पोलिसांवर संशय घेण्याचे साधन, असे कोणी समजू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर दरड कोसळली आणि त्याच सुमारास महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले. अशा प्रत्येक वेळी गणवेशातली माणसे रात्रंदिवस चिखलात उभी असतात. कोणी म्हातारीला पाठीवर घेतलेले असते, कोणी हाताने दगड उपसलेले असतात. पाणी ओसरल्यावर लोक म्हणतात, ‘एक पोलीस होता बघा, त्याने वाचवले.’ एक पोलीस! त्याचे नाव रेनकोटाच्या आत राहिलेले असते. गाऱ्हाण्याला जसे नाव लागते, तसे कृतज्ञतेलाही लागते.

तेव्हा पुढच्या वेळी कशेडीच्या नाकाबंदीत गाडी थांबली, तर वाचकांनी काच खाली करावी, कागदपत्रे दाखवावीत आणि सहज नजर उजव्या खिशाकडे टाकावी. नाव दिसले तर तेच नाव घेऊन ‘नमस्कार, अमुकराव’ म्हणावे. न दिसले तर आवाज न चढवता, ‘साहेब, आपले नाव?’ असे विचारावे. ज्यांना हे विचारता येते त्यांनी विचारीत राहिले, तर ज्यांना ते विचारता येत नाही त्यांच्या दारात येणाऱ्या खाकीवरही नाव ठळक दिसू लागेल.